गोठलेल्या भिंतीचे नऊ दिवस

दम्मामला थंडी येते म्हणजे काय होतं, तर एसी बंद होतात. वर्षाचे नऊ महिने कानाशी घोंघावणारा तो आवाज एका सकाळी थांबतो, आणि मग शेजारचा कुकर, वरच्या मजल्यावरच्या मल्याळी काकांचं खाकरणं, रस्त्यावरच्या मांजरांची भांडणं असं सगळं एकदम ऐकू यायला लागतं. लोक खूश असतात. समुद्राकाठी चटया पडतात, थर्मास उघडतात, वर्षभर कपाटात पडलेली जाकिटं डांबरगोळ्यांचा वास घेऊन बाहेर येतात. मीही जातो, चहा पितो. पण माझं लक्ष चहात नसतं. मी येता-जाता भिंती ठोकत असतो.

बोट दुमडून ठोकतो, कधी गाडीच्या किल्लीने. भरीव आवाज आला की पुढे सरकतो, पोकळ आला की तिथेच थांबून पुन्हा ठोकतो. हिबा, माझी तेरा वर्षांची मुलगी, मैत्रिणींसमोर माझी ओळख करून देताना सांगते, माय फादर टॉक्स टु वॉल्स. मुली हसतात. मीही हसतो, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं आहे.

मी मुळात भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लिफ्टमध्ये चढताना मी मनातल्या मनात माणसं मोजतो. इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, तारीख दोन महिन्यांवर आली की मला जेवण जात नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो आधी शाहीनच्या हातात देतो. शाहीन माझी बायको, इमर्जन्सीमध्ये नर्स. तिने आयुष्यात इतकं काही पाहिलंय की तिला घाबरायला सवड होत नाही. अशा माणसाने इमारतींच्या देखभालीच्या कामात पडूच नये. पण बाबा गवंडी होते, मला सिव्हिलचा डिप्लोमा झेपला, आणि बाणकोटच्या खाडीकाठची आमच्या गावची पोरं जिकडे जात होती तिकडेच मीही आलो.

गेल्या आठवड्यात इथे दोन दिवस पाऊस पडला. मंगळवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या मुख्य दारावरच्या दगडी लाद्या मी सवयीने छत्रीच्या टोकाने ठोकल्या. एक लादी पोकळ वाजली. तिच्या शेजारचीही. समुद्राची खारी हवा, एसीच्या नळीतून वर्षभर ठिबकलेलं पाणी, त्यात हा पाऊस. लादीमागचं सिमेंट सुटलंय हे कळायला डिप्लोमाही लागत नाही. मी राखणदाराला काही बोललो नाही. मालक तिरसट माणूस, पुढच्या महिन्यात आमचा भाडेकरार त्याच्यासमोर जायचा आहे, त्यामुळे त्यालाही फोन केला नाही. वर येऊन हिबाला एवढंच म्हटलं, की काही दिवस आपण पार्किंगच्या दाराने ये-जा करू या. ती म्हणाली, ओके.

हेच मी तिला आठ वर्षांपूर्वीही सांगितलं होतं, हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले.

तेव्हा आम्ही उत्तरेला होतो, जॉर्डनच्या सीमेकडे, तुरैफच्या रस्त्यावरच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. भित्रा माणूस, म्हटलं ना. सौदीत थंडी म्हटलं की आपल्याकडचे लोक हसतात. जेद्दाला शराफियात माझ्या मामेभावाचं दुकान आहे, तो फोनवर विचारायचा, तुम्ही सौदीत राहता की सिमल्याला. पण त्या गावात डिसेंबर-जानेवारीत पारा खरोखर शून्याखाली उतरतो. वाऱ्याला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. सकाळी नळ सोडला तर आधी नुसता सुस्कारा यायचा. गच्चीवरच्या टाकीतून सांडलेलं पाणी भिंतीवर धार धरून तसंच थिजलेलं असायचं. म्हातारी माणसं आतून लोकर असलेले लांब कोट घालून अंगणात लाकडं पेटवून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून आल्याचं गरम दूध द्यायची. त्या दुधाची चव अजून जिभेवर आहे. ते पितानाही माझी नजर कुठे असायची ते विचारू नका.

हिबा तेव्हा पाच वर्षांची होती. आम्ही दोघंही कामावर, म्हणून तिला इस्पितळातल्या लोकांच्या मुलांसाठी चालवलेल्या पाळणाघरात ठेवायचो. तीसेक मुलं होती. इमारत मात्र गावातल्या इतर घरांसारखी नव्हती. फार पूर्वी कुणा परदेशी कंपनीने आपल्या साहेबांसाठी बांधलेला तो दुमजली बंगला, समोरून लालभडक विटांचा, गिलावा न केलेला. आत सिमेंटच्या ब्लॉकची भिंत, बाहेर विटांची, आणि दोन्हींच्या मधे दोन बोटांची पोकळी. वर गच्चीचा कठडा, तोही विटांचा. त्याच्या बरोबर खाली पाळणाघराचं दार आणि दाराशेजारी मुलांचे बूट ठेवायची मांडणी. त्या इमारतीची देखभाल आमच्या कंपनीकडे, आणि आमच्या कंपनीतर्फे माझ्याकडे.

पाळणाघर चालवायच्या मुनीराबाई. तिकडे शाळेतल्या बाईंना अब्ला म्हणतात. उंच, मोठ्या आवाजाच्या, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. मराठीत अबला या शब्दाचा अर्थ काय होतो हे त्यांना सांगायची माझी कधी छाती झाली नाही. ऑक्टोबरच्या शेवटी पहिला पाऊस झाला तेव्हा त्यांनी मला बोलावून वरच्या खोलीत कठड्याजवळ आलेली ओल दाखवली. मी म्हटलं, दोन दिवसांत खलास करतो.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. कोकणात मे महिना संपत आला की घराची पश्चिमेकडची बाजू नारळीच्या झापांनी बांधून काढतात. पाऊस आडवा येतो, भिंत उघडी राहिली तर चार महिने घरात ओल. बाबा झाप बांधण्याआधी सगळी भिंत फिरून बघायचे. चिऱ्यात बोट जाईल एवढं भोक दिसलं तरी ते बुजवायचे. मी मागे सिमेंटची पाटी घेऊन. पाणी आत आलं नाही म्हणजे घर राहिलं, एवढंच त्यांचं शास्त्र होतं, आणि आमच्या हवेत ते बरोबरच होतं. आमच्याकडे पाणी भिंतीत शिरलं तर ओल येते. ते कधी गोठत नाही. गोठलं तर काय होईल, हा प्रश्न बाबांच्या सात पिढ्यांत कुणाला पडला नव्हता.

तर मी पाळणाघराची भिंत बाबांसारखी फिरून बघितली. अगदी तळाच्या थरात, दर चार-पाच विटांनंतर, दोन विटांमधली उभी फट तशीच रिकामी सोडलेली होती. मला हसू आलं. परदेशी कंपनीचे गवंडी म्हणे, आणि कामात एवढा हलगर्जीपणा. मी एकूण एक फट सिमेंटने बुजवली. मग बाजारातून चकचकीत वॉटरप्रूफ सीलरचे डबे आणवले आणि सगळ्या दर्शनी भिंतीला दोन हात मारले. ऊन पडलं की भिंत नुकतीच न्हायल्यासारखी चमकायची. कंपनीचे मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, येऊन बघून गेले आणि मुमताज, म्हणजे उत्तम, म्हणाले. मी फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांनी लिहिलं, शाबास.

ती शाबासकी अजून फोनमध्ये आहे. पुसायचं धाडस होत नाही.

डिसेंबर मध्यावर आला आणि थंडी उतरली. एका सकाळी हिबाचा हात धरून मी पाळणाघराच्या दारात आलो तर पायाखाली काहीतरी कुरकुरलं. खाली पाहिलं, तर लाल चुरा. त्यात नखाएवढ्या, बिस्किटाच्या तुकड्याएवढ्या खपल्या. एक उचलली. मागची बाजू खरबरीत, ओली, बोटाला लाल रंग लागला. पुढची बाजू गुळगुळीत, चकचकीत. माझा सीलर तिच्यावर शाबूत होता. मी वर पाहिलं. कठड्याच्या खालच्या पाच-सहा विटांची तोंडं गळून पडली होती आणि आतली फिकी, भुसभुशीत वीट दिसत होती. मला घाम फुटला. शून्याखालच्या थंडीत घाम फुटतो, हे मला तेव्हा कळलं.

काय झालंय हे समजायला फार वेळ लागला नाही. कठड्यावरच्या लाद्या तडकलेल्या होत्या, त्यांच्याकडे मी बघितलंच नव्हतं. टाकी भरून सांडली की ते पाणी कठड्यावर. बागेतला फवारा फिरायचा तो खालून भिंतीवर. वीट पाणी पिते. वरून, मागून, जिथून मिळेल तिथून पीत होती. आधी ते पाणी उन्हात विटेच्या तोंडावाटे उडून जायचं, उरलेलं पोकळीतून खाली उतरून त्या रिकाम्या फटींतून बाहेर पडायचं. मी तोंड सीलरने लिंपलं आणि फटी बुजवल्या. आता पाणी आत कोंडलं होतं आणि रोज गोठत होतं. गोठलं की पाणी फुगतं, हे मी शाळेत शिकलो होतो. पाचवीत की सहावीत. परीक्षेत लिहिलंही होतं.

पुढचे दिवस मी त्या भिंतीवरच नजर ठेवून काढले. मी भिंतीचं वेळापत्रक शिकलो. अंधार असेपर्यंत ती घट्ट असायची, बर्फानेच तिला धरून ठेवलेलं. साडेसातला ऊन कठड्याला लागायचं. मग ते हळूहळू खाली सरकायचं, आणि जिथे सरकेल तिथे आतून बारीक टिक असा आवाज यायचा. आठच्या सुमारास खपल्या सुटायच्या. मुलं यायची ती आठच्या सुमारासच. एकेका गाडीतून उतरायची, टोप्या, हातमोजे, पाठीवर दप्तरं, आणि त्या भिंतीखाली उभी राहून सावकाश बूट काढायची. पाच वर्षांचं मूल बूट काढायला किती वेळ लावतं, हे ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको.

मी पहाटे फजरच्या नमाजानंतर लगेच जायचो, आदल्या दिवशी पडलेलं सगळं झाडून पोत्यात भरायचो. पोतं गाडीच्या डिकीत. लांब काठीने सुटलेल्या खपल्या आधीच पाडून टाकायचो, म्हणजे आठ वाजता पडायला काही उरू नये. पण रोज नव्या सुटायच्या. मुनीराबाई एकदा म्हणाल्याही, की हा हिंदी माणूस किती मन लावून काम करतो. मी मान खाली घालून झाडत राहिलो.

का नाही बोललो? हा प्रश्न मी मला इतक्या वेळा विचारलाय की त्याची धार गेली आहे. दारासमोर दोरी बांधायची म्हटली तरी कुणीतरी कारण विचारणार. कारण सांगायचं तर माझंच नाव निघणार. प्रत्येक खपलीवर माझा सीलर होता. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो मालक, भडकला तर खुरूज, म्हणजे कायमचा परतीचा शिक्का. शाहीनची नोकरी राहील, माझी जाईल, मग हिबा कुठे राहील. माझं डोकं असं एका भीतीवरून दुसऱ्या भीतीवर जायचं आणि मुलांच्या डोक्यांपर्यंत पोचायच्या आत थकायचं.

तिसऱ्या दिवशी शाहीनने डिकी उघडली. पोत्यात हात घालून एक तुकडा काढला, तळहातावर ठेवून वजन घेतलं. ती रोज फुटलेली डोकी शिवणारी बाई. मी सगळं सांगितलं. तिने तुकडा परत पोत्यात टाकला आणि डिकी लावली. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हिबा मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने जायला लागली. ही अक्कल तिची की माझी, हे आम्ही दोघांनी नंतर कधी काढलं नाही. घरात आम्ही बऱ्याच गोष्टींवरून भांडतो, पण यावरून नाही.

सहाव्या दिवशी मला पोचायला उशीर झाला. इस्पितळात पाण्याची नळी फुटली होती. धावत आलो तेव्हा आठ वाजून गेले होते, मुलं आत गेली होती, दारात कुणी नव्हतं. मांडणीवर बूट ओळीने लावलेले. त्यातल्या एका निळ्या बुटात विटेचा तुकडा पडला होता. मुठीएवढा. बूट इतका लहान होता की तुकडा त्यात अडकून बसला होता, मला तो ओढून काढावा लागला.

मी तुकडा खिशात घातला. बूट उलटा करून झटकला, आतली लाल पूड फुंकून काढली, रुमालाने पुसला आणि परत ओळीत ठेवला. हे मी केलं. इतर काहीही सांगताना मला थोडं इकडेतिकडे करावंसं वाटतं, हे मात्र जसंच्या तसं सांगतो. त्यानंतरही मी तीन दिवस गप्प होतो.

नवव्या दिवशी मुनीराबाईंनी मला आत बोलावलं. मुलांना बाहेर उन्हात खेळायला नेत होते आणि हिबा पुढच्या दाराने जायला तयार नव्हती. दाराला पाठ लावून रडत होती. बाईंना हिंदी यायची, त्यांनी शांत आवाजात विचारलं. “तुम्हारी बेटी रोज किचन से क्यों आती है?”

मी म्हटलं, तिला तिथल्या आंटी आवडतात. स्वयंपाक करणाऱ्या श्रीलंकेच्या पद्माबाई तिला खजूर द्यायच्या, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.  मग मुनीराबाई म्हणाल्या, “वो बोलती है, अब्बा ने मना किया है।”

बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत.  त्या बाहेर गेल्या, भिंतीखाली उभं राहून वर पाहिलं, पायाने चुरा सारला. मी मागून जाऊन मोडक्यातोडक्या अरबीत आणि हिंदीत सांगायला लागलो: फटी, सीलर, पाणी, सगळं. अर्धं ऐकून त्या आत वळल्या. जेवणाच्या खोलीतले दोन लांब बाक पद्माबाईंच्या मदतीने ओढत आणले आणि दारासमोर आडवे टाकले. दाराला कुलूप घातलं. किल्ली जुडग्यात परत अडकवली. मग मुलांना म्हणाल्या, यल्ला, सगळे स्वयंपाकघरातून.

दोन मिनिटं लागली असतील. नऊ दिवस मला जे जमलं नव्हतं त्याला दोन मिनिटं.

त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कंपनीने लेखी ताकीद दिली, मुदीरांनी केबिनमध्ये अर्धा तास उभं केलं. खुरूज वगैरे काही झालं नाही. ज्या गोष्टीच्या भीतीने मी तीस मुलांना भिंतीखाली उभं केलं ती गोष्ट घडलीच नाही. याचं मला हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, उलट शरम वाटली.

भिंत दुरुस्त केली जरीन गुल यांनी. पेशावरच्याही वरच्या डोंगरातला म्हातारा मिस्त्री, सगळे उस्ताद म्हणायचे. आल्या आल्या त्यांनी माझ्या पोत्यातली एक खपली घेतली, चकचकीत बाजूवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हे कुणी लावलं? मी म्हटलं, मैंने. खालचे छेद कुणी बुजवले? मैंने. ते उकिडवे बसले, छिन्नी लावली आणि मी बुजवलेल्या पहिल्या फटीतलं सिमेंट फोडलं. आतून तांबूस पाणी आलं. आधी थेंब थेंब, मग धार. त्याला आमच्या विहिरीच्या तळासारखा वास होता. उस्ताद ते पाणी बघत म्हणाले, “पानी तो अंदर आएगा, बाबू। उसको जाने का रास्ता देना था, तुमने वही बंद किया।”

सगळ्या फटी उघडल्यावर तीन दिवस भिंत ठिबकत होती.

मग उस्ताद काहीच करेनात. मला घाई झाली होती. रोज विचारायचो, आज सुरू करू या? ते आभाळ बघायचे आणि मान हलवायचे. ओला मसाला गोठला तर भिंत पुन्हा आतून सुटणार, त्याच्यापेक्षा थांबलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. आधी त्यांनी माझ्याकडून भिंतीकडचं पाणी तोडून घेतलं. टाकीची सांडणारी नळी लांब नेली, फवारा हलवला, कठड्यावर बाहेरच्या बाजूला थोड्या पुढे आलेल्या उतरत्या लाद्या बसवल्या आणि त्यांच्या पोटाला खाच ठेवली, म्हणजे थेंब भिंतीवर न उतरता तिथूनच खाली गळेल. सीलर जिथे निघाला तिथे आठवडाभर बसून काढला. फुटलेल्या विटा एकेक करून सोडवल्या, शेजारची वीट दुखू न देता. तशा विटा बाजारात नव्हत्या, त्या मागच्या कुंपणातून काढून आणल्या आणि ताडपत्रीखाली कोरड्या ठेवल्या. जोडायचा मसालाही त्यांनी मऊ केला, चुना घालून. मी जास्त सिमेंट टाका म्हटलं तर हसले. मसाला विटेपेक्षा कडक झाला तर ताण आला की वीटच फुटते, म्हणाले.

थंडी जरा नरमल्यावर काम सुरू झालं. सकाळी दहाला सुरुवात, तीनला बंद, मसाल्याचं पाणी कोमट. आणि तीन वाजले की भिंतीला पांघरूण. ताज्या कामावर रात्रीचं दव गोठू नये म्हणून आधी गोणपाट, मग त्यावर रजया. इस्पितळातल्या बाद झालेल्या चादरी पुरेनात म्हणून मुनीराबाईंनी मुलांच्या घरी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी आया घरातली जुनी ब्लँकेटं घेऊन आल्या. एकावर मोठा गुलाब, एकावर वाघ. ज्यांच्या मुलांच्या डोक्यांवर मी नऊ दिवस ती भिंत ठेवली होती त्यांच्या हातातून मी पांघरुणं घेत होतो आणि शुक्रन म्हणत होतो. एका बाईसोबत एक मुलगा होता. पायात निळे बूट. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

हे सगळं हिबाला मी कधी सांगितलं नव्हतं. परवा शुक्रवारी दुपारी जेवताना तिनेच विषय काढला. पार्किंगच्या दारावरून तिला तिकडचं मागचं दार आठवलं. स्वयंपाकघरातला दुधाचा वास, पद्मा आंटीचा उबदार हात, खजुरातलं बी काढून देणं. म्हणाली, सिर्फ मुझे मिलता था, आय फेल्ट सो स्पेशल. शाहीन ताटाकडे बघत होती. मला वाटलं, राहू दे तिची आठवण तशीच. काय बिघडलं. मग मला आत कुठेतरी टिक असा आवाज आल्यासारखं वाटलं आणि मी सांगायला लागलो. निळ्या बुटापर्यंत सगळं.

हिबाने चमचा खाली ठेवला. मी मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते, ही आमची रीतच आहे.

“और बाकी बच्चे?” तिने विचारलं.

“कुणाला काही लागलं नाही,” मी म्हटलं. “अल्लाची मेहरबानी.”

“मैंने वो नहीं पूछा, अब्बा।”

शाहीनने मान वर केली.  मग हिबाचा चेहरा बदलला. तिला मंगळवार आठवला होता. हळूच म्हणाली, सामने सारा खेलती है. सारा पहिल्या मजल्यावरची, चार वर्षांची. दुपारी उन्हाला मुख्य दाराच्या पायरीवरच बाहुल्या मांडून बसते. मला हे माहीत होतं. तीन दिवस माहीत होतं.

मी जेवण टाकून उठलो. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या जिन्याने खाली नेल्या. एक खुर्ची जिन्याच्या कठड्यावर आपटली. पायरीवर सारा होतीच. हिबाने तिच्या बाहुल्या गोळा केल्या आणि तिला उचलून बाजूला नेलं. शाहीन कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आली. खुर्च्या दारासमोर आडव्या टाकून दोरी बांधली. हिबाने पुठ्ठ्यावर तिच्या शाळेतल्या अरबीत लिहिलं, इथे उभे राहू नका. राखणदार धावत आला, काय चाललंय विचारायला लागला. मी त्याला वर दाखवलं आणि मालकाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हाही मी फोन शाहीनच्या हातात दिला नाही, मीच बोललो.

मालक काय काय बोलला ते लिहीत नाही. पुढच्या महिन्यात तो काय करेल ते माहीत नाही, आणि ती भीती आत्ताही, हे लिहिताना, आहेच. लाद्या काढायला माणसं उद्या येतील म्हणतात. खुर्च्या अजून खालीच आहेत, आम्ही दोन दिवस बिछायतीवर बसून जेवतोय.

आज रविवार, इथे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. सकाळी शाळेच्या बसची वेळ झाली. हिबा खाली उतरली, तिच्यामागे सारा आणि साराची आई, वरचे मल्याळी काका, दप्तरं घेतलेली बाकीची मुलं. सगळी बिल्डिंग मागच्या, पार्किंगच्या दाराने बाहेर पडली.